फुकटच्या कार्डाची किंमत : रायनएअर आणि प्रीपेड कार्डाचं प्रकरण

2010 सालचा एक हिशोब मांडू. चौघांच्या कुटुंबाला लंडनजवळच्या स्टॅन्स्टेड विमानतळावरून डब्लिनला जाऊन यायचंय. रायनएअर या आयरिश स्वस्त विमान कंपनीचं सवलतीचं भाडं माणशी पाच पौंड, एका बाजूचं. चौघांची जाता-येता मिळून आठ तिकिटं, म्हणजे चाळीस पौंड. नावं भरली, जन्मतारखा भरल्या, विमा नको, जादा बॅग नको असं सांगत शेवटच्या पानावर आलं, की कार्डाचा प्रकार निवडायचा. तिथे डेबिट कार्ड निवडलं की बेरीज एकदम ऐंशी पौंडांवर जायची. कार्डाने पैसे भरण्याचा आकार पाच पौंड, तोही प्रत्येक प्रवाशाला आणि प्रत्येक फेरीला. कार्डावरून पैसे कापले जाणार एकदाच, आकार मात्र आठ वेळा.

हा आकार टाळायची सोय होती. कंपनीने ठरवलेलं एक विशिष्ट कार्ड वापरलं तर तो शून्य. 31 डिसेंबर 2009 पर्यंत ते कार्ड होतं व्हिसा इलेक्ट्रॉन. 1 जानेवारी 2010 पासून ते झालं मास्टरकार्डचं प्रीपेड कार्ड. आणि 2011 च्या शेवटाकडे ब्रिटनमध्ये ते झालं रायनएअरच्याच नावाचं ‘कॅश पासपोर्ट’ हे प्रीपेड कार्ड. तीन वर्षांच्या आत तीन वेगळी कार्डं. स्वस्तात फिरणारे लोक प्रत्येक वेळी नव्या कार्डाच्या मागे धावले. पैसे वाचवायच्या युक्त्या सांगणाऱ्या मंडळींनी ‘कुठलं प्रीपेड कार्ड घ्यावं’ यावर रकानेच्या रकाने भरले. पण कंपनीने हे एक कार्ड फुकट ठेवलंच कशाला होतं? त्या कार्डावरही आकार तिला घेता आलाच असता की.

कायद्यातली पळवाट

उत्तर युरोपीय कायद्यात आहे. विमानसेवांबद्दलचा 1008/2008 हा युरोपीय नियम 1 नोव्हेंबर 2008 पासून लागू झाला. त्याच्या 23 व्या कलमाचं म्हणणं थोडक्यात असं : भाडं जाहीर करताना जे कर, आकार आणि शुल्क टाळता येणार नाहीत आणि आधीपासून माहीत आहेत, ते सगळे धरूनच अंतिम किंमत दाखवा. ऐच्छिक गोष्टींचे पैसे वेगळे दाखवले तरी चालतील, पण ते सुरुवातीलाच स्पष्ट सांगा आणि ग्राहकाने स्वतः होकार दिला तरच घ्या.

आता ग्यानबाची मेख बघा. सगळ्याच कार्डांना पाच पौंड लावले असते, तर तो आकार ‘टाळता न येणारा’ ठरला असता आणि पाच पौंडांचं तिकीट दहा पौंडांचं म्हणून जाहिरात करावी लागली असती. पण एक तरी मार्ग मोकळा असला, की बाकीच्यांवरचा आकार कागदोपत्री ‘टाळता येण्याजोगा’ होतो. मग तो जाहिरातीतल्या किमतीत धरायची गरज नाही. म्हणजे ग्राहकाला सोय व्हावी म्हणून ते फुकटचं कार्ड ठेवलेलं नव्हतंच. बाकी सगळ्यांकडून पैसे घेता यावेत म्हणून ते होतं. त्यात अट एकच, की ते कार्ड फार लोकांकडे असता कामा नये.

ही अट लक्षात घेतली की कार्डं का बदलत गेली ते आपोआप कळतं. व्हिसा इलेक्ट्रॉन हे एरवी मानाचं कार्ड नव्हतं. प्रत्येक व्यवहाराला बँकेकडे विचारणा झाल्याशिवाय ते चालत नसे आणि खात्यात असेल तेवढंच खर्चता येई. म्हणून बँका ते अल्पवयीनांना, नव्याने खातं उघडणाऱ्यांना, ज्यांचा उधारीचा इतिहास नाही अशांना देत. भारतातून शिकायला गेलेली मुलंही साधारण याच वर्गात मोडायची. पुण्या-नाशिकहून मास्टर्स करायला आलेल्या पोराच्या हातातलं, दुकानात कधी कधी नाकारलं जाणारं ते कार्ड विमानाचं तिकीट काढताना मात्र भाव खाऊन जायचं. हळूहळू ही गोष्ट सगळीकडे पसरली आणि लोक मुद्दाम इलेक्ट्रॉन देणारी खाती उघडू लागले. थोडक्यात, पळवाटेवर गर्दी वाढली. त्यानंतर 2010 उजाडता उजाडता ती वाट बंद झाली आणि दुसरीकडे नवी उघडली.

ब्रिटनच्या ‘ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग’ या बाजार-नियंत्रक संस्थेचे तेव्हाचे प्रमुख जॉन फिंगल्टन यांनी त्याच सुमारास वर्तमानपत्राशी बोलताना या प्रकाराला पोरकट खेळ म्हटलं. कायद्याचं अक्षर पाळायचं आणि त्याचा हेतू पायदळी तुडवायचा, वर ग्राहकाला वेडावून दाखवायचं, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. नियंत्रकाच्या खुर्चीत बसलेला माणूस इतकं उघड बोलतो हे फार वेळा होत नाही. पण त्या बोलण्यातच त्यांची हतबलताही आहे. अक्षर पाळलं जातंय हे त्यांनाही नाकारता येत नव्हतं.

प्रीपेड कार्ड घेऊन खरंच काय वाचत होतं

इथे जरा थांबायला हवं, कारण ‘प्रीपेड घ्या आणि पैसे वाचवा’ हा सल्ला तेव्हा सर्रास दिला जात होता आणि तो अर्धाच खरा होता.

प्रीपेड कार्ड म्हणजे आधी पैसे भरा, मग खर्च करा. बँक खातं लागत नाही, उधारी मिळत नाही. ते देणाऱ्या कंपनीला व्याजाची कमाई नसल्याने ती बारीकसारीक आकारांवर जगते : कार्ड काढायचे पैसे, कुठे दरमहा आकार, कुठे पैसे भरताना टक्केवारी, कुठे प्रत्येक खरेदीमागे काही पेन्स, आणि पडून राहिलं तर ‘निष्क्रियता शुल्क’. वर्षातून एकदाच दोघं जण फिरायला जाणार असतील तर वीस पौंड वाचवण्यासाठी हा सगळा खटाटोप करायचा. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. पाच-सहा जणांचं कुटुंब असेल, किंवा दर महिन्याला जाणं-येणं असेल, तरच त्यात राम होता.

दुसरी अडचण वेळेची. स्वस्त विमानभाडं तासातासाला बदलतं. कार्डावर आधी पैसे भरायचे, ते जमा व्हायची वाट बघायची, तोवर पाच पौंडांचं तिकीट पंधराचं झालेलं असायचं. मग कार्डावर रक्कम कमी पडायची आणि पुन्हा भरणा करावा लागायचा. उलट बाजूने, तिकीट काढून झाल्यावर दोन पौंड सदतीस पेन्स अशी काहीतरी शिल्लक राहायची. ती कशात घालवायची? बहुतेक दुकानांत अर्धे पैसे या कार्डावर आणि अर्धे त्या कार्डावर हा प्रकार सहज होत नाही. ती शिल्लक निष्क्रियता शुल्काच्या पोटात जायची.

पडद्यामागे कार्ड ओळखलं कसं जातं, हेही सांगायला हवं. कार्डक्रमांकाचे सुरुवातीचे अंक (तेव्हा सहा) ते कोणत्या बँकेने काढलं, कोणत्या जाळ्यातलं आहे, डेबिट, क्रेडिट की प्रीपेड हे सांगतात. विमान कंपनीच्या संगणकाकडे या अंकांची यादी असते. तुमच्या कार्डावर ‘प्रीपेड’ असं ठळक छापलेलं असलं तरी यादीत ते अंक तसे नोंदलेले नसतील, तर संगणकाच्या लेखी ते साधं कार्ड. म्हणजे कुठलं कार्ड फुकट, हे कार्डावर काय लिहिलंय यावरून ठरत नव्हतं. ते कंपनीच्या यादीवरून ठरत होतं आणि यादी कंपनीच्या हातात होती. हा तपशील पुढे न्यायालयात वेगळ्या शब्दांत महत्त्वाचा ठरला.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल सल्ला देणारे फारसं बोलत नसत : संरक्षण. ब्रिटनच्या 1974 च्या ग्राहक पत कायद्याच्या 75 व्या कलमानुसार शंभर पौंडांपेक्षा जास्त आणि तीस हजारांपर्यंतच्या वस्तूची किंवा सेवेची किंमत क्रेडिट कार्डाने भरली असेल, तर विकणाऱ्याइतकीच कार्ड देणारी बँकही जबाबदार धरली जाते. विमान कंपनी बुडाली तर बँकेकडे पैसे मागता येतात. डेबिट आणि प्रीपेड कार्डाला हे कलम लागू नाही. ही निव्वळ पुस्तकी गोष्ट नव्हती. सप्टेंबर 2008 मध्ये एक्सएल हा मोठा सहल-समूह कोसळला होता. डिसेंबर 2009 च्या मध्यात, म्हणजे प्रीपेडचा नवा नियम लागू व्हायच्या जेमतेम दोन आठवडे आधी, स्कॉटलंडची फ्लायग्लोबस्पॅन बंद पडली. तिच्या बुडण्यातला वादाचा मुद्दाही गंमत म्हणजे कार्डाच्या पैशांचाच होता : प्रवाशांनी कार्डाने भरलेले कोट्यवधी पौंड ई-क्लिअर नावाच्या मधल्या कंपनीकडे अडकले होते. अशा काळात फेरीमागे पाच पौंड वाचवायला क्रेडिट कार्डाची ढाल खाली ठेवायची, हा सौदा प्रत्येकाने डोळसपणे केला असेल असं मला वाटत नाही. तिकीट वीस पौंडांचं असेल तर फरक पडत नाही, 75 वं कलम तिथे लागूच होत नाही. उन्हाळ्याच्या सुटीतलं चारशे पौंडांचं तिकीट असेल तर पडतो.

वीस पेन्स आणि सहा पौंड

30 मार्च 2011 रोजी ‘व्हिच’ या ग्राहक संघटनेने ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगकडे महातक्रार दाखल केली. 2002 च्या एंटरप्राइझ कायद्यात अशी तरतूद आहे, की ठरावीक ग्राहक संघटनांनी अशी तक्रार केली तर नियंत्रकाला नव्वद दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. तक्रार एकट्या रायनएअरविरुद्ध नव्हती, पण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नाव तेच होतं. व्हिचचा मुद्दा अगदी सरळ होता. डेबिट कार्डाचा एक व्यवहार पार पाडायला विक्रेत्याला वीस पेन्सच्या आसपास खर्च येतो. क्रेडिट कार्डाला रकमेच्या दोन टक्क्यांपलीकडे फारसा जात नाही. मग प्रवाशामागे, फेरीमागे पाच-सहा पौंड कशाचे?

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा ‘प्रवाशामागे, फेरीमागे’ या शब्दांत आहे. कार्डाच्या व्यवहाराचा खर्च प्रवाशांच्या संख्येवर ठरत नाही. चौघांचं तिकीट एकत्र काढलं तरी व्यवहार एकच. इझीजेटसारख्या काही कंपन्या निदान बुकिंगमागे आकार लावत. माणशी आणि फेरीमागे लावला, की तो कार्डाचा खर्च राहतच नाही, भाड्याचाच दुसरा भाग होतो. आपल्याकडच्या विमान कंपन्यांची ‘कन्व्हिनियन्स फी’ याच चालीची आहे. जानेवारी 2020 पासून यूपीआय आणि रुपे डेबिटवर विक्रेत्याला व्यवहार-शुल्क शून्य आहे, तरीही मुंबई-गोवा तिकिटाच्या शेवटच्या पानावर ती फी माणशी, फेरीमागे हजर असते.

28 जून 2011 ला नियंत्रकाचं उत्तर आलं. 2009 या एका वर्षात ब्रिटनच्या ग्राहकांनी विमानप्रवासाच्या क्षेत्रात अशा आकारांपोटी तीस कोटी पौंड मोजले, असा त्यांचा अंदाज होता. डेबिट कार्डावरचे अधिभार सरकारने बंद करावेत अशी शिफारसही त्यांनी केली.

रायनएअरची बाजू काय होती? कंपनीने त्या काळात या आकाराचं नावच ‘प्रशासकीय शुल्क’ केलं होतं आणि रक्कम सहा पौंड. हा पैसा कार्डाचा नाहीच, आमची बुकिंग यंत्रणा चालवायचा खर्च आहे, असा दावा. समजा तो मान्य केला. मग विशिष्ट प्रीपेड कार्डाने पैसे भरणाऱ्याला ती यंत्रणा फुकट कशी काय वापरता येत होती? तोच संगणक, तीच पानं, तेच बोर्डिंग पास. नाव बदलल्याने कंपनीचा युक्तिवाद उलट लंगडा झाला.

याच काळात कॅश पासपोर्ट आलं आणि ब्रिटनमध्ये इतर मास्टरकार्ड प्रीपेड कार्डांची सवलत संपली. आता फुकट पैसे भरायचे तर विमान कंपनीच्याच नावाचं कार्ड घ्यायचं, त्यावर आधी पैसे टाकून ठेवायचे आणि सहा महिने वापरलं नाही तर दरमहा शुल्क सोसायचं. इलेक्ट्रॉन निदान बँकेच्या खात्यासोबत येत होतं. हे कार्ड घेण्याचं रायनएअरच्या तिकिटाव्यतिरिक्त फारसं कारणच नव्हतं. ग्राहक म्हणून याचा राग येतो, पण धंद्याच्या बाजूने बघितलं तर चाल चोख आहे : पळवाट कायम राहिली, तिथली गर्दी आटोक्यात आली आणि वर लोकांचे पैसे आगाऊ जमा झाले.

जर्मनीत आधीच, ब्रिटनमध्ये नंतर

जर्मनीत मात्र ही युक्ती आधीच अडली होती. तिथल्या ग्राहक संघटनांच्या महासंघाने दावा लावला आणि 20 मे 2010 रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला. रोख पैसे नाकारायचा हक्क कंपनीला आहे, कारण धंदा ऑनलाइन चालतो. पण पैसे घेणं हे विक्रेत्याचं स्वतःचं काम आहे, त्यासाठी ग्राहकाकडून आणखी पैसे मागता येणार नाहीत, निदान एक तरी रूढ आणि सहज जमणारा मार्ग विनामूल्य असला पाहिजे. व्हिसा इलेक्ट्रॉन जर्मनीत कितीशा लोकांकडे होतं? जवळपास कुणाकडेच नाही. तेव्हा ते कार्ड ‘मार्ग’ म्हणून धरलं गेलं नाही.

ब्रिटनमध्ये 5 जुलै 2012 रोजी नियंत्रकाने जाहीर केलं, की बारा विमान कंपन्यांनी डेबिट कार्डाचा अधिभार जाहिरातीतल्या किमतीतच धरायचं मान्य केलंय. त्यात रायनएअर होती, इझीजेट होती, विझ एअर होती. रायनएअरने ते प्रशासकीय शुल्क भाड्यात मिसळून टाकलं आणि क्रेडिट कार्डाला दोन टक्के वेगळे ठेवले. 6 एप्रिल 2013 पासून आलेल्या नियमांनी खर्चापेक्षा जास्त अधिभार लावायला बंदी केली. 9 डिसेंबर 2015 पासून युरोपीय संघात कार्डांमागे बँका एकमेकींना देतात त्या शुल्कावर मर्यादा आली : डेबिटला 0.2 टक्के, क्रेडिटला 0.3 टक्के. आणि 13 जानेवारी 2018 पासून ग्राहकांच्या नेहमीच्या कार्डांवर अधिभार लावायलाच मनाई झाली. तिकिटासाठी म्हणून प्रीपेड कार्ड बाळगायचं कारण मात्र त्याच्या पाच वर्षं आधी, 2012 च्या शेवटीच संपलं होतं.

प्रवाशाचा यात किती फायदा झाला? सहा पौंड कुठे गेले नाहीत, ते भाड्यात शिरले. ज्यांच्याकडे ‘ते’ कार्ड होतं त्यांचं तर सरळ नुकसानच झालं. तरीही हा बदल मला मोलाचा वाटतो, कारण दोन कंपन्यांची भाडी शेजारी ठेवून तोलता येणं हीच स्वस्त विमानप्रवासाची मूळ गंमत आहे, आणि ही तुलना पहिल्या पानावरच करता आली पाहिजे, नावं-जन्मतारखा भरून दमल्यावर नाही.

शेवटचा निकाल यायला 2020 उजाडलं. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने 2011 मध्येच रायनएअरला याच कारणांसाठी दंड केला होता. वाद अपिलांतून वर चढत युरोपीय न्यायालयात पोचला आणि 23 एप्रिल 2020 रोजी न्यायालयाने मूळ प्रश्नाला हात घातला : कंपनीने मान्य केलेल्या कार्डाखेरीज दुसऱ्या कार्डाने पैसे भरल्यास लागणारा आकार ‘टाळता येण्याजोगा’ आहे का? न्यायालय म्हणालं, नाही. ग्राहकाला निवड आहे असं वरवर दिसतं, पण त्या निवडीची अट कंपनीनेच घातली आहे. फुकटचा मार्ग मूठभर विशेष ग्राहकांसाठी राखलेला आहे. बाकीच्यांनी एक तर आकार भरायचा, नाहीतर लगेच तिकीट घेणं सोडून आधी ते कार्ड मिळवायच्या खटपटीला लागायचं, कदाचित त्याचे पैसे मोजायचे, आणि तोवर भाडं वाढलं किंवा संपलं तर तो धोकाही पत्करायचा. म्हणून हा आकार पहिल्यांदा दाखवलेल्या किमतीतच हवा. कार्डावर पैसे जमा व्हायची वाट बघत तिकीट हातचं गेलेल्या माणसाचं दुःख युरोपीय न्यायालयाच्या भाषेत उतरलं ते असं. व्हिसा इलेक्ट्रॉनची सवलत संपून तेव्हा दहा वर्षं उलटली होती.

त्याच एप्रिलमध्ये युरोपातली बहुतेक विमानं करोनामुळे जमिनीवर होती आणि प्रीपेड कार्ड दुसऱ्याच दाराने पुन्हा या धंद्यात अवतरलं होतं. ऑनलाइन ट्रॅव्हल एजंट प्रवाशाकडून पैसे घेतात आणि विमान कंपनीला बऱ्याचदा एका बुकिंगपुरतं काढलेलं आभासी कार्ड देतात. त्या कार्डात तेवढेच पैसे असतात, काम झालं की त्याचा उपयोग संपतो. परतावा मात्र ज्या कार्डावरून पैसे आले त्याच कार्डावर जातो. लाखो तिकिटं रद्द झाली तेव्हा रायनएअरचं म्हणणं होतं, की एजंटांनी प्रवाशांचे खोटे ईमेल पत्ते आणि ही आभासी कार्डं दिल्यामुळे खऱ्या प्रवाशाला शोधणंच जमत नाहीये. म्हणून कंपनीने एजंटामार्फत तिकीट काढलेल्यांसाठी ओळख पटवण्याचा वेगळा अर्ज सुरू केला. प्रवाशाने आधी एजंटाकडे विचारायचं, तो कंपनीकडे बोट दाखवणार, कंपनी म्हणणार पैसे कार्डावर परत केले, आणि ते कार्ड कुणाच्याच खिशात नाही. एजंटाकडून तिकीट काढलं असेल तर बँकेच्या उताऱ्यात पैसे कुणाच्या नावे गेलेत ते बघावं. विमान कंपनीचं नाव तिथे नसेल, तर परतावा कुणाकडे मागायचा ते तिकीट रद्द व्हायच्या आधीच कळतं.